पांढरी पाटी

मोहनरावांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी लोकलफंड खात्याचा माणूस येऊन तपासणीच्या खोलीला लाखेची मोहोर लावून गेला. पुढच्या दाराला. मागचं दार स्वयंपाकघरात उघडत होतं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि मोहनरावांच्या मुलीनं, सुभद्रेनंही त्याला सांगितलं नाही.

बीडमध्ये त्या खोलीला तपासणीची खोली कुणी म्हणत नसे. सरकारी दफ्तरात तिचं नाव उर्दूत होतं आणि ते एका दमात म्हणता येत नसे. गावात सगळे तिला पाण्याची कचेरी म्हणत. तिथं तूप यायचं, करडीचं तेल यायचं, गवळ्यांच्या चरव्या यायच्या; पण मोहनरावांचं मुख्य काम पाण्याचं. जिल्ह्यातल्या विहिरी-बारवांचं पाणी बाटल्यांतून यायचं, ते भिंगाखाली बघायचे, आणि पाणी चांगलं निघालं तर त्या गावी पांढरी पत्र्याची पाटी जायची, वाईट निघालं तर लाल. पाट्या ते स्वतःच्या हातानं रंगवत. वरती उर्दू, खाली मराठी, दोन्ही अक्षरं सारखीच वळणदार.

अशा घरी कोण येणार? कुठल्या गावची घाण कुठल्या भांड्यात असेल याचा नेम नाही, म्हणून लोक ओट्यावरूनच बोलून जात. पाणी घ्या म्हटलं की आत्ताच पिऊन आलो म्हणत. नवरा गेल्यावर सुभद्रा माहेरी परतली तेव्हा तिला पहिल्यांदा हे खटकलं होतं. मग सवय झाली. घरात बोलायला दोघंच, तीही कमी बोलणारी. वडील तिला वर्तमानपत्रं आणि पुस्तकं वाचायला देत, आणि वाचून झाल्यावर त्यांबद्दल काही विचारत नसत.

मोठ्यानं ते एकाच वेळी बोलत. भिंगाला डोळा लावून पाणी बघायचं, काय दिसलं ते स्वतःशीच म्हणायचं, आणि लगेच स्वतःलाच दटावायचं, "पुन्हा बघ, मोहनराव." मग पुन्हा बघायचं. पलीकडे भाकरी थापताना सुभद्रेच्या कानावर ते रोज पडे. माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांनी, चपलांनी, चष्म्यानं जीव कासावीस होतो असं तिनं वाचलं होतं. तिचं तसं झालं नाही. चष्मा फडताळात होता, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो ती रोज पुसून ठेवत होती. भाकरी थापताना मात्र तिचा हात मधेच थांबायचा.

ज्येष्ठाची उन्हं तापलेली असताना एका दुपारी ओट्यावर काहीतरी दाणकन आपटलं.

"हाय का कुणी घरात?"

बोरखेडीचा आश्रुबा पाटील होता. पालीच्या पुढं, घाटाच्या पायथ्याचं ते गाव. ओट्यावर पांढरी पाटी पालथी पडली होती.

"ही घ्या तुमची पाटी. आमाला नको."

"काय झालं, पाटील?"

"काय झालं? नारू झालाय! माझ्या भावाच्या घोट्यातून निघालाय, गड्याच्या गुडघ्यातून निघालाय. पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव खाटंवर हाय. आन् बारवेच्या लिंबावर पाटी काय? तर म्हनं पानी पिण्यालायक!"

"बाबा गेले," सुभद्रा म्हणाली.

आश्रुबानं पागोटं सावरलं. आवाज जरा खाली आला. "कळलं मला. वाईट झालं. मानूस लई भला होता. पर बाई, खरं सांगू का? त्येला दिसत न्हवतं. मागल्या साली मी हितं आलतो, तर मला म्हनला, या सिदू, बसा. आता सिदू तर माझा गडी! मी सिदू दिसतो का?"

एरवी सुभद्रेला हसू आलं असतं.

"मेल्या मानसाला बोल लावू ने," आश्रुबा उठत म्हणाला, "पर जित्यांनी काय प्यावं, सांगा."

"पाणी तरी घेता?" ती सवयीनं बोलून गेली.

"नगं, नगं. हितलं पानी तर मुळीच नगं."

तो गेल्यावर तिनं पाटी उचलून उलटी केली. खालची तारीख मागच्या उन्हाळ्यातली होती. नारूचा किडा पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात बसून माणसाच्या पोटात जातो आणि वर्षभरानं कातडी फोडून बाहेर येतो, हे वडिलांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे आज बोरखेडीत ज्यांच्या पायांतून नारू निघत होता, ते लोक मागच्या उन्हाळ्यात ते पाणी प्याले होते. या पाटीकडे बघत प्याले होते.

संध्याकाळी सफाईखात्याचे मुहतमीम नसिरुद्दीनसाहेब आले. मोहनरावांचे वरिष्ठ. दुखवट्याला येऊन गेले होते, पण आज टोपी हातात घेऊन नुसते बसले नाहीत.

"देखो बेटी, हैदराबादहून नवा माणूस येतोय. तोवर हे बोरखेडीचं निपटायला हवं. आश्रुबाची अर्जी तालुकदारसाहेबांकडे गेलीय. मी लिहून टाकतो की मरहूम मोहनरावांची नजर शेवटच्या साली कमजोर झाली होती. त्या सालच्या पाट्या रद्द. मामला खतम. यात बदनामी कसली? म्हातारपण कुणाला सुटलंय?"

"त्यांची नजर गेली होती असं तुम्हाला वाटतं?"

"तुला नाही वाटत?"

वडील सुईत दोरा तिच्याकडून ओवून घेत. अंधारल्यावर भिंतीला हात लावून चालत. ताटातली चटणी कुठली आणि लोणचं कुठलं ते विचारत. पण भिंगाखाली? भिंगाखाली त्यांना चुकताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्यामागून भिंगाखाली बघायला दुसरं होतंच कोण?

"मला थोडे दिवस द्या," ती म्हणाली. "तिथलं पाणी एकदा बघते."

"खोलीला तर मोहोर आहे."

तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. नसिरुद्दीनसाहेबांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं, टोपी घातली आणि निघून गेले.

बाटल्या आणायचं काम सटवाचं. लोकलफंडाचा शिपाई, महारवाड्यातला, मोहनरावांच्या हाताखाली काळ्याचा पांढरा झालेला. तेराव्याला तो लांब कुंपणापाशी दिवसभर बसून होता. वडिलांचा पाय अधू झाल्यापासून गावोगाव तोच हिंडे. सुभद्रेनं सांगितलं तसा तो उजाडताच बोरखेडीला गेला आणि बाटली घेऊन आला.

मागच्या दारानं ती खोलीत गेली. वडील ज्या स्टुलावर बसत त्यावर न बसता उभ्यानंच तिनं पाणी बशीत ओतलं, थेंब थेंब काचेवर घेतला. भिंग कसं लावायचं हे त्यांनी तिला दाखवलं होतं. पाण्यातले किडे कसे दिसतात, झटके देत कसे पळतात, तेही.

पाण्यात काही नव्हतं.

"काही नाही," ती हळू आवाजात म्हणाली. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर रिकामं होतं. तिनं सगळी बाटली संपेपर्यंत पुन्हा बघितलं. काहीच नव्हतं.

तिला इतकं हलकं वाटलं की ती त्याच स्टुलावर बसली. तिचे डोळे धड होते. तिच्या धड डोळ्यांना जे दिसलं तेच वडिलांना दिसलं होतं. सुईत दोरा ओवता येत नसेल, आश्रुबाचा सिदू झाला असेल, पण या स्टुलावर बसून ते चुकले नव्हते.

मग बशीकडे बघता बघता तिचा आनंद ओसरला. ज्या बारवेचं पाणी पिऊन निम्मं गाव आडवं झालं, तिच्या पाण्यात मातीचा कण नव्हता. शेवाळाचा तंतू नव्हता, पानाचा तुकडा नव्हता, डासाचं पिल्लू नव्हतं. उघड्या बारवेचं पाणी इतकं नितळ कसं?

"सटवा," तिनं हाक मारली. "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

सटवानं मान खाली घातली. "कशाला जी तरास? मी आनतो की अजून एक बाटली."

"मला बघायचंय."

"उन्हाचं लई लांब पडंल ताईसाहेब."

"छकडा सांग."

दुसऱ्या दिवशी बिंदुसरा नदीची कोरडी वाळू ओलांडून, पाली मागं टाकून छकडा बोरखेडीला पोचला तेव्हा बायका पाण्याला आल्या होत्या. बारव जुनी, चिरेबंदी, खोल. पायऱ्या उतरत उतरत थेट पाण्यात गेलेल्या. काठावर लिंब. लिंबाच्या बुंध्यावर जिथं पाटी होती तिथं खिळ्याची दोन भोकं.

सटवा लिंबाखाली गेला, बाटली एका दगडावर ठेवली आणि स्वतः मागं सरकून बसला.

"चल ना," सुभद्रा म्हणाली.

"मी हितंच थांबतो जी."

ती पायरीवर होती. पुढचा पाय उचलायच्या आत तिला कळलं. जे जन्मापासून माहीत होतं तेच तिला कळलं. या बारवेची पायरी सटवाला नव्हती. कुठल्याच बारवेची नव्हती.

तेवढ्यात खालून एक वयस्क बाई घागर घेऊन वर आली. पाटलाच्या भावकीतली केसरबाई. तिनं ओंजळभर पाणी दगडावरच्या बाटलीवर शिंपडलं आणि मग ती उचलली.

"आलास का रे सटवा? कालच तर नेली बाटली. सरकारला लई तहान लागलीया!" मग तिचं लक्ष सुभद्रेकडे गेलं. "आन् ह्या कोन?"

"मोहनरावांची मुलगी. पाण्याच्या कचेरीतली."

"अगं माय, त्यांची लेक व्हय तू? ये, ये, खाली सावली हाय."

केसरबाई खाली उतरली तशी सुभद्राही मागोमाग उतरली. शेवटच्या कोरड्या पायरीवर केसरबाईनं घागर टेकवली, कमरेचा लुगड्याचा धुतलेला तुकडा काढला, झटकून दुहेरी केला, तांब्याच्या तोंडावर ताणला आणि वरून पाणी ओतलं. मग तांब्यातलं पाणी बाटलीत भरलं. हात इतका सराईत होता की बाहेर थेंब सांडला नाही.

"हे काय करता?" सुभद्रेनं विचारलं.

"गाळतीया. कावून, गाळू नको व्हय?"

"दरवेळी असंच भरता?"

"तर! सरकारात जायचं पानी. त्यात केरकचरा घालून दिला तर गावाची शोभा काय ऱ्हाईल? माझी सासू बी असंच भरून द्यायची. आमच्या बोरखेडीच्या पान्याला कदी कुनी नाव ठेवलं न्हाई बघ. तुझ्या बापानंच पाटी दिलती."

"आणि घरी? घरी प्यायचं पाणी गाळता?"

केसरबाई मोकळेपणानं हसली. "घरी कशाला? आमी काय पाव्हणं हाव का?"

सुभद्रेनं तिच्या हातातला तो ओला तुकडा मागून घेतला आणि उन्हाकडे धरला. कापडावर शेवाळाचे हिरवे धागे होते, मातीचे कण होते, आणि त्यांच्यामध्ये पांढरे बारीक ठिपके होते. ठिपके झटके देत होते. भिंग लागलंच नाही.

पाण्याशी आणखी एक बाई बसली होती, केसरबाईची सून छबू. घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडून. घोट्यापाशी पऱ्हाटीची काडी बांधलेली आणि तिच्यावर नारूचा पांढरा दोरा गुंडाळलेला.

"पाय आत का सोडलाय, बाई?"

"लई आग व्हती वो. पान्यात जरा गार वाटतं."

बरोबर आणलेली दुसरी बाटली सुभद्रेनं स्वतः वाकून भरली. वडील सटवाला शिकवायचे तशी, बूच लावून खाली नेऊन, पाण्याखाली उघडून.

परतताना सटवा छकड्याच्या मागं मागं चालत होता. बसायला सांगितलं तरी बसला नाही. पाली आली तेव्हा तिनंच विषय काढला.

"सटवा, बाटली कशी भरायची ते बाबांनी तुला शिकवलं होतं ना?"

"पाठ हाय जी. बूच लावून तळाशी न्यायची. पान्याखाली बूच काडायचं. भरली की तितंच लावायचं. वरचा तवंग घ्यायचा न्हाई."

"मग तू खाली उतरत नाहीस हे त्यांना कधी सांगितलं का नाहीस?"

सटवा छकड्यापासून दोन पावलं आणखी मागं पडला.

"त्यांनी इचारलं न्हाई जी." मग थांबून म्हणाला, "लई मनापासून शिकवायचे वो. बाटली माझ्या हातात देऊन, वर आपला हात धरून दावायचे. अशी ने, अशी फिरव. मी कोन हाय हे त्यांच्या ध्यानातच ऱ्हायचं न्हाई. मला ते बरं वाटायचं ताईसाहेब. मंग कशाला ध्यानात आनून द्यायचं?"

सुभद्रेनं पदर तोंडावर घेतला. धूळ फार उडत होती.

"सगळ्या गावी असंच?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"समद्याच. पायरी कुटं हाय मला?"

घरी येऊन तिनं दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक नितळ होती, दुसरीत उजेडाकडे धरताच ठिपके पळत होते. वडिलांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, हे आता तिला पक्कं ठाऊक झालं होतं. नजर गेली होती असं लिहिलं, तर फक्त मागच्या सालच्या पाट्या रद्द होणार होत्या. आधीचं सगळं काम अब्रूनं उभं राहणार होतं. नजर शाबूत होती असं सांगितलं, तर सटवा हिंडू लागल्यापासूनच्या सगळ्या बाटल्या गाळलेल्या पाण्याच्या ठरत होत्या. गावोगावच्या सगळ्या पांढऱ्या पाट्या. वडिलांनी इतकी वर्षं स्टुलावर वाकून गावांच्या विहिरी तपासल्याच नव्हत्या. बायकांचे धुतलेले तुकडे तपासले होते.

असं काही सापडलं की ते हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात येत. दारात उभे राहून म्हणत, "सुभद्रे, गंमत ऐक." यावर तर ते कितीतरी वेळ डोकं धरून बसले असते, आणि मग हसले असते. ज्याला सांगायचं तोच नव्हता.

नसिरुद्दीनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही बाटल्या खिडकीशी नेऊन पाहिल्या. परत ठेवताना त्यांचा हात सावकाश खाली आला.

"सगळ्या पाट्या?"

"सगळ्या."

"बेटी, मी नजरेचं लिहितो. बोरखेडीची पाटी निघाली आहेच. बाकीच्या गावांचं नवा माणूस आला की हळूहळू बघेल, गाजावाजा न करता. तुझ्या वालिदांनी उमर घातली या कामात. तू म्हणतेस ते लिहिलं तर त्यांचं काय उरतं?"

हा प्रश्न ती आदल्या दिवसापासून स्वतःला विचारत होती, म्हणून उत्तर तयार होतं.

"लोक ते पाणी पितायत, साहेब. नवा माणूस येईपर्यंत थांबणार नाहीत."

नसिरुद्दीनसाहेब उठता उठता म्हणाले, "मोहोर तोडायला माणूस पाठवतो. मागचं दार उघडं असतं ते मला माहीत होतं." ओट्याच्या पायरीवर ते वळले. "त्यांची नजर मात्र चांगली होती, तेही लिहितो."

पाट्या काढायला सुभद्रा आणि सटवा मिळून निघाले. सुरुवात बोरखेडीपासून. तिथली पाटी आधीच निघाली होती, तरी तिथंच आधी जायला हवं असं तिला वाटलं. वडिलांनी रंगवून ठेवलेल्या लाल पाट्या खोलीत होत्या. त्यांवर लिहिलेलं, हे पाणी पिऊ नये. पण गावाला एकच बारव. पिऊ नये तर प्यावं काय? तिनं त्या पाट्यांना हात लावला नाही.

लिंबाखाली बायका जमल्या. आश्रुबाही आला होता. "बघा रं," तो मागच्या लोकांना म्हणाला, "बापानं लावलेल्या पाट्या पोरगीच उपटीत हिंडती." सुभद्रेनं ऐकलं आणि केसरबाईकडे वळली.

"केसरबाई, मला तहान लागलीय. पाणी द्या."

केसरबाईनं तुकडा काढला, दुहेरी केला, तांब्यावर ताणला, पाणी गाळून तिच्यापुढं धरलं. सुभद्रेनं एक घोट घेतला आणि भांडं छबूपुढं केलं.

"हे आता हिला द्या. आणि हिच्या पोरांना. रोज, असंच गाळून. शेतात न्यायचं तेसुद्धा. आणि हिला पाण्यात पाय सोडू देऊ नका. पायावर पाणी ओता, पण ते परत आत जायला नको; त्यातूनच नारूची पिल्लं पाण्यात उतरतात."

केसरबाई भांड्याकडे बघत राहिली. "म्हंजी आमीच आमाला पाव्हणं?"

"हो."

"ऐका गं बायांनो!" केसरबाई हसायला लागली, पण तुकडा तिनं कमरेला खोचला नाही, पुन्हा दुहेरी करून दुसऱ्या घागरीवर ताणला. सटवा दूर उन्हात उभा होता. त्याला कुणी पाणी विचारलं नव्हतं. सुभद्रेनं तांब्या मागून घेतला आणि त्याच्याजवळ जाऊन त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. लिंबाखालचं हसणं एकदम थांबलं. त्यानं आधी मान हलवली, मग ओंजळ तोंडाला लावली. तो तांब्या केसरबाईनं परत घेतला नाही. सुभद्रा तो घरी घेऊन आली.

पुढं किती गावं झाली ते सुभद्रेनं मोजलं नाही. कुठं लोक हसले, कुठं चिडले, कुठं मोहनरावांनीच आपल्या गावचं पाणी शुद्ध सांगितलं होतं म्हणून पाटी काढू देईनात. परत आणलेल्या पाट्या ओट्यावर एकावर एक साचत गेल्या. वळणदार अक्षरं, वरती उर्दू, खाली मराठी. नव्या माणसाचा मुक्काम औरंगाबादेपर्यंत आल्याचं कळलं होतं. घर सरकारी, ते त्याच्यासाठी रिकामं करायचं होतं. सुभद्रेनं भांडी एका पोत्यात बांधली, पुस्तकं दुसऱ्यात. कुठं जायचं ते अजून ठरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी, उजेड होता तोवर, ती खोलीत गेली. स्टुलावर बसली. शेवटची बाटली उरली होती, घाटाखालच्या एका वस्तीची, तिनं स्वतः भरलेली. थेंब काचेवर घेऊन तिनं डोळा लावला. पांढरे किडे झटका देत इकडून तिकडे गेले.

"आहेत," ती मोठ्यानं म्हणाली.

भिंतीपलीकडं चूल थंड होती. ती तशीच ऐकत राहिली.

"पुन्हा बघ," ती म्हणाली, आणि पुढं कुणाचं नाव घ्यावं ते न सुचून थांबली. मग काच पुसली, नवा थेंब घेतला, आणि पुन्हा डोळा लावला.